रायगड किनाऱ्यावरील समाजशास्त्र : गॅझेटियरपासून कला महाविद्यालयापर्यंत

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर समाजशास्त्र हा पदवीचा विषय म्हणून आला तो १९६० नंतर, तालुक्याच्या गावी कला महाविद्यालये निघू लागली तेव्हा. किनाऱ्यावरच्या समाजाचा अभ्यास मात्र त्याच्या पाऊणशे वर्षे आधीपासून चालू होता. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या खाड्यांकाठी राहणारे आगरी, कोळी, भंडारी, माळी, महार, कातकरी, बेने इस्राएल, कोकणी मुसलमान आणि कोर्लईचे ख्रिस्ती यांच्याविषयी सरकारी अधिकाऱ्यांनी, मिशनऱ्यांनी आणि पुढे मुंबई विद्यापीठाच्या संशोधकांनी बरेच लिहून ठेवले होते. ते बहुतेक इंग्रजीत होते आणि ज्यांच्याविषयी होते त्यांच्या हाती क्वचितच पडले. ज्यांचे वर्णन दुसऱ्यांनी केले त्यांची नातवंडे स्वतः वर्णन करायला कशी शिकली, हा या विषयाच्या इथल्या इतिहासाचा गाभा आहे.

किनारा आणि त्यावरचे समाज

आजच्या रायगडचे जुने नाव कुलाबा. अलिबागच्या आंग्र्यांचे संस्थान १८४० साली इंग्रजांनी खालसा केले. स्वतंत्र कुलाबा जिल्हा १८६९ साली झाला. दक्षिणेकडचा मुरूड-श्रीवर्धनचा पट्टा जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबाकडे होता आणि तो १९४८ साली भारतीय संघराज्यात विलीन झाला. रेवदंडा आणि कोर्लई ही ठाणी पोर्तुगिजांनी १७४० साली मराठ्यांच्या हवाली केली होती. १ जानेवारी १९८१ रोजी जिल्ह्याचे नाव रायगड झाले. एवढ्याशा पट्ट्यात तीन-चार राजवटी नांदल्या आणि प्रत्येक राजवट जमिनीचे हक्क, धर्म आणि भाषा यांवर आपली छाप ठेवून गेली. कोर्लईच्या ख्रिस्ती वाडीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली आजही बोलली जाते. पोर्तुगीज अंमल संपून पावणेतीनशे वर्षे उलटली तरी ती टिकून आहे.

भूगोलानेही समाजाची विभागणी केली. सह्याद्रीच्या उतारावर ठाकूर आणि कातकरी, मधल्या पट्ट्यात भातशेती करणारे कुणबी आणि मराठे, खाडीच्या खारट जमिनीवर आगरी, समुद्राला लागून कोळीवाडे, नारळी-पोफळीच्या बागायतीत माळी, भंडारी आणि ब्राह्मण अशी ही उतरंड डोंगरापासून समुद्रापर्यंत एका दिवसाच्या चालीत दिसते. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला यापेक्षा सोयीचा प्रदेश मिळणे कठीण.

गॅझेटियर : वर्णनाचा पहिला टप्पा

जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अकरावा खंड ‘कुलाबा आणि जंजिरा’ या प्रदेशांचा. तो १८८३ साली प्रसिद्ध झाला. लोकसंख्येच्या प्रकरणात एकेका जातीचा व्यवसाय, घर, पेहराव, आहार, लग्न-बारशाच्या चाली आणि जातपंचायत यांची नोंद आहे. शेतीच्या आणि जमीनधाऱ्याच्या प्रकरणांत खारबंदिस्ती, मिठागरे आणि खोती यांची. पुढे आर. ई. एन्थोवेन यांनी मुंबई इलाख्यातील जाती-जमातींवर तीन खंड संपादित केले; ते १९२० ते १९२२ या काळात निघाले.

या नोंदींचा हेतू कारभाराचा होता. साराबंदी कशी ठरवायची, कोणता वर्ग लष्करात घेण्याजोगा, कोणत्या जमातीवर पोलिसांनी नजर ठेवायची, हे प्रश्न त्यांच्यामागे होते. त्यामुळे प्रत्येक जात ही स्वतंत्र, बंदिस्त पेटी असल्यासारखी मांडली गेली. आगरी कुळ आणि त्याच्या पिकाचा वाटा घेणारा खोत, कोळीण आणि तिच्याकडून सुकी मासळी घेणारा व्यापारी, कातकरी आणि त्याला उचल देणारा कंत्राटदार यांचे परस्परसंबंध या मांडणीतून निसटतात. पुढे महाविद्यालयीन समाजशास्त्राने नेमके याच संबंधांवर बोट ठेवले. तरीही १८८० च्या सुमाराचा किनारा कसा होता, हे पाहायला हा खंड अजूनही पहिला आधार आहे.

आतून लिहिलेला पहिला ग्रंथ

अलिबाग-पेण-रोहे परिसरातल्या बेने इस्राएल समाजावर बाहेरच्यांनी बरेच लिहिले; स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन त्यांपैकी एक. जहाज फुटून नवगावजवळ किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, अशी या समाजाची परंपरागत समजूत आहे. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याची रीत यांवरून गावकऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. नवगावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, पेझारकर ही त्यांची आडनावे आजही गावांचा नकाशा सांगतात.

याच समाजातील हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ च्या सुमारास आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पूर्ण केला. तो १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला. शब्बाथ, सुंता आणि आहाराचे नियम यांबरोबरच मराठी बोलणे, हळदीचा विधी, मंगळसूत्र आणि समाजांतर्गत ‘गोरे’ व ‘काळे’ असा भेद यांची माहिती अशा आतल्या लेखनामुळे टिकली. हा भेद पुढच्या अभ्यासकांना महत्त्वाचा वाटला. जात मानायला धर्माने न सांगितलेला एक समाज शेजाऱ्यांच्या सहवासात जातीसारखी उतरंड कशी उचलतो, याचे ते उदाहरण ठरले. शिफ्रा स्ट्रिझोअर यांनी मुंबईतील बेने इस्राएलांवर लिहिलेला ग्रंथ १९७१ साली आला. तोवर १९४८ नंतरच्या स्थलांतराने किनाऱ्यावरची बहुतेक घरे रिकामी झाली होती.

मुंबईचा विभाग आणि खाडीपलीकडचे क्षेत्र

भारतात समाजशास्त्राचे विद्यापीठीय शिक्षण ज्या थोड्या ठिकाणी रुजले त्यांत मुंबई आघाडीवर होती. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि त्याचे पहिले प्राध्यापक म्हणून स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ व नगररचनाकार पॅट्रिक गेडिस आले. स्थान, काम आणि लोक या तीन गोष्टी एकत्र पाहाव्यात, हा त्यांचा आग्रह. डोंगरापासून समुद्रापर्यंत नदीचे खोरे उभे कापावे आणि प्रत्येक पायरीवर कोणता व्यवसाय व कोणता समाज घडतो ते नोंदवावे, अशी त्यांची पद्धत होती. लाकूडतोड्या, शिकारी, धनगर, शेतकरी, कोळी हा त्यांच्या आकृतीतला क्रम कुंडलिका किंवा अंबा नदीच्या खोऱ्याला जवळजवळ जसाच्या तसा लागू पडतो.

गेडिस यांच्यानंतर १९२४ साली विभागाची सूत्रे गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली आणि १९५९ पर्यंत ती त्यांच्याकडेच राहिली. घुर्ये मूळचे मालवणचे. केंब्रिजला मानववंशशास्त्रज्ञ रिव्हर्स आणि हॅडन यांच्या हाताखाली शिकून ते परतले होते. आपल्या विद्यार्थ्यांना ते जात, नातेसंबंध, आदिवासी जमाती आणि शहरी वस्त्या यांवर प्रबंध करायला लावत. चित्पावनांवरचा इरावती कर्वे यांचा १९२८ चा प्रबंध, ए. एन. वेलिंग यांचा कातकऱ्यांवरील १९३४ चा ग्रंथ, मुंबईच्या अस्पृश्य कामगारांवरील जी. आर. प्रधान यांचा १९३८ चा अभ्यास, खुद्द घुर्ये यांचे १९५७ चे महादेव कोळ्यांवरील पुस्तक, विजया पुणेकर यांचा सोनकोळ्यांवरील १९५९ चा ग्रंथ आणि ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीच्या ठाकुरांवरील १९६० चा ग्रंथ ही यादी पाहिली तर कोकण हे मुंबईच्या समाजशास्त्राचे सर्वांत जवळचे अभ्यासक्षेत्र होते, हे स्पष्ट होते. भारतीय समाजशास्त्र परिषदही घुर्ये यांच्या पुढाकाराने १९५१ साली मुंबईतच स्थापन झाली.

हे सारे शिक्षण मात्र पदव्युत्तर पातळीवरचे आणि इंग्रजीतले होते. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने रेवसला उतरायला फार वेळ लागत नव्हता, पण किनाऱ्यावरच्या मुलासाठी विद्यापीठ लांबच होते. मॅट्रिक झाल्यावर मुंबईत किंवा पुण्यात राहण्या-जेवण्याची सोय ज्याच्याकडे, त्यानेच पुढे शिकायचे. खोली घेऊन राहणारे गिरणी कामगार नातेवाईक किंवा जातीचे वसतिगृह हाच बहुतेकांचा आधार. बोटीच्या प्रवासाचीही हमी नव्हती. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, त्यांत किनाऱ्यावरच्या गावोगावची माणसे होती.

मराठीत गावाचा अभ्यास करण्याची परंपरा या काळात विद्यापीठाबाहेर वाढली. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली आला. तो देशावरच्या खेड्याचा. नारायण गोविंद चापेकर यांनी १९३३ साली ‘बदलापूर’ हे आपल्याच गावावरचे पुस्तक प्रसिद्ध केले. आत्रे महसूल खात्यात नोकरीला होते, तर चापेकर न्यायखात्यात. समाजशास्त्राची पदवी दोघांकडेही नव्हती, पण गावच्या चालीरीती, धंदे आणि हक्क यांची त्यांनी केलेली नोंद पुढच्या अभ्यासकांनी आधारासाठी घेतली.

महाड आणि चरी : समाजाने घेतलेले धडे

समाजशास्त्राच्या पुस्तकांत ‘सामाजिक चळवळी’ हे प्रकरण असते. कुलाबा जिल्ह्यात त्यातल्या दोन चळवळी महाविद्यालये निघण्याच्या आधीच घडून गेल्या होत्या.

पहिली महाडची. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना ९ मे १९१६ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीबाहेर लग्न न करण्याचा नियम हाच जातीचा कणा आहे, असे त्यांनी त्यात मांडले. भारतीय माणसाने जातिसंस्थेवर समाजशास्त्रीय भूमिकेतून केलेल्या अगदी सुरुवातीच्या मांडणींपैकी ती एक. अकरा वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेच्या निमित्ताने जमलेल्या लोकांसह त्यांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्या परिषदेच्या जुळवाजुळवीत रा. बा. मोरे यांचा मोठा वाटा होता. महाड नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस पाठीशी होते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली कायदेमंडळात मंजूर झाला होता आणि महाड नगरपालिकेने तो स्वीकारलाही होता. कागदावरचा हक्क आणि पाणवठ्यावरची वहिवाट यांतले अंतर किती, हे महाडने दाखवले. तळ्याबाबतचा दावा उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकाली निघाला तो १७ मार्च १९३७ रोजी.

दुसरी चळवळ अलिबाग तालुक्यातल्या चरीची. खोतीच्या प्रदेशात कुळाने पिकवलेल्या भातातला मोठा वाटा खोताकडे जाई. शिवाय वेठ आणि निरनिराळ्या बाब-बाबती असत. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ च्या ऑक्टोबरात चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्णय घेतला. हा संप १९३९ पर्यंत, सुमारे सहा वर्षे टिकला. शेते ओसाड राहिली. माणसांनी लाकूडफाटा विकून आणि मिळेल ती मजुरी करून दिवस काढले. ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र याच चळवळीतून १९३७ साली उभे राहिले. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने संपली १९४९ साली; १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी जमिनी कुळांच्या नावावर होण्याचा मार्ग मोकळा केला.

या बदलाचा महाविद्यालयांशी थेट संबंध आहे. जमीन नावावर झालेल्या कुळांच्या पहिल्या पिढीची मुले १९६० नंतर मॅट्रिकपर्यंत पोचली आणि तीच नव्या महाविद्यालयांची विद्यार्थी झाली.

कला महाविद्यालये

महाराष्ट्र राज्य १९६० साली झाले. पुढच्याच वर्षी, १९६१ साली, अलिबागला जनता शिक्षण मंडळाचे महाविद्यालय आणि महाडला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय सुरू झाले. पनवेलला रयत शिक्षण संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय १९७० साली निघाले. नंतर उरण, पेण, मुरूड, गोरेगाव अशा ठिकाणी महाविद्यालये आली. संस्थांची नावे पाहिली तरी त्यांच्यामागची प्रेरणा कळते: बहुजन समाजाचे शिक्षण, आंबेडकरी चळवळ, स्थानिक दानशूर आणि शेतकरी कामगार पक्षाच्या प्रभावातले ग्रामीण सार्वजनिक जीवन.

अमेरिकेतल्या छोट्या ‘लिबरल आर्ट्स’ महाविद्यालयात आणि इथल्या कला महाविद्यालयात एक साम्य आहे: विद्यार्थी थोडे, शिक्षक एकेकाला नावानिशी ओळखणारे, आणि एका विषयाचा अभ्यास साहित्य, इतिहास, अर्थशास्त्र यांच्या शेजारी बसून होणारा. फरक अधिकाराचा आहे. तिथे शिक्षक स्वतःचा अभ्यासक्रम ठरवतो. इथले महाविद्यालय विद्यापीठाशी संलग्न, म्हणून अभ्यासक्रम मुंबईच्या अभ्यासमंडळात ठरतो. कोर्लईच्या किंवा खाडीकाठच्या खारेपाटाच्या उदाहरणाला पाठ्यक्रमात जागा असेलच असे नाही. ती जागा शिक्षकाने वर्गात करून द्यायची असते.

मुंबई विद्यापीठाच्या दीर्घकाळ चाललेल्या रचनेत प्रथम वर्षाला समाजशास्त्राची एक प्रश्नपत्रिका, द्वितीय वर्षाला दोन आणि तृतीय वर्षाला सहा असत. सहाही याच विषयाच्या घेतल्या तर ‘सहा पेपर’, अर्ध्या दुसऱ्या विषयाच्या घेतल्या तर ‘तीन-तीन’, असे विद्यार्थी बोलत. अकरावी-बारावीच्या कला शाखेतही हा विषय असल्यामुळे एफवायबीएला येणाऱ्या काहींना समाज, संस्था, भूमिका, दर्जा या संज्ञा ओळखीच्या असतात. मार्क्स, वेबर आणि दुर्खीम, घुर्ये आणि श्रीनिवास, जात आणि वर्ग, ग्रामीण व नागरी समाज, स्त्री-अभ्यास, आदिवासी समाज, संशोधनपद्धती हा अभ्यासाचा नेहमीचा गाभा.

उत्तरे मराठीतून लिहिण्याची मुभा मिळाली, तेव्हा पुस्तकांचा प्रश्न उभा राहिला. संस्कृतीकरण, प्रबळ जाती, सामाजिक गतिशीलता, स्तरीकरण, सहभागी निरीक्षण अशी परिभाषा १९६० आणि १९७० च्या दशकांत क्रमिक पुस्तकांतून आणि विद्यापीठ ग्रंथनिर्मितीतून रुळली. मूळ ग्रंथ इंग्रजीत, वर्ग मराठीत आणि घर आगरी किंवा कोळी बोलीत, अशा तिहेरी पायऱ्यांवरून विद्यार्थ्याला चढावे लागे. ही चढण ज्या शिक्षकांनी सोपी केली त्यांचा विषय टिकला. जिथे ‘नोट्स’ उतरवून घेण्यापलीकडे काही झाले नाही तिथे तो परीक्षेपुरता राहिला.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. दत्तक गावातल्या सात दिवसांच्या निवासी शिबिराने समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला घरोघरी जाऊन प्रश्न विचारण्याची सवय लावली. श्रमदानाच्या जोडीला गावाची पाहणी करून घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी पडली.

अभ्यासाचे विषय दारात

किनाऱ्यावरच्या महाविद्यालयात समाजशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक प्रकरणाला स्थानिक उदाहरण सापडते.

पहिले खारेपाटाचे. धरमतर खाडीच्या काठची भातशेती भरतीच्या पाण्याला बांध घालून मिळवलेली आहे. बांधात ठेवलेल्या उघाडीतून ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर जाते आणि भरतीला खारे पाणी अडते. उधाणाने बांधाला खांड पडली की एका शेतकऱ्याचे नव्हे, आतल्या सगळ्यांचे शेत खारावते. त्यामुळे बांधाची राखण ही सामाईक जबाबदारी होती. खांड पडल्याचे कळताच घरटी एक माणूस चिखल-मातीच्या ढेकळांसह बांधावर हजर व्हावा, असा दंडक असे. न येणाऱ्याला गाव जाब विचारी. खारभूमीविषयी १९४८ साली आणि पुन्हा १९७९ साली कायदे झाले आणि बांधांची देखभाल शासकीय यंत्रणेकडे गेली. निधी आला, तसा सामाईक श्रमाचा दंडक सैल झाला. फुटलेला बांध वेळेत न सांधल्यास शेतात कांदळवन उगवते आणि कांदळवनाला कायद्याचे संरक्षण असल्याने ते शेत पुन्हा लावणे अवघड होते. सामाईक संसाधन, राज्यसंस्था आणि पर्यावरण या तीन प्रकरणांचा मेळ एका बांधावर पाहता येतो.

दुसरे उदाहरण विवाहसंस्थेचे. आगरी आणि कोळी लग्नांत धवलारीण या स्त्रीला मान असतो. हळदीपासूनच्या विधींत ती धवले गाते आणि कोणता विधी केव्हा, हेही तीच सांगते. हे ज्ञान तोंडी आहे. एकीकडून दुसरीकडे जाते ते ऐकून. पुरोहित पुरुषच असतो, या पाठ्यपुस्तकी समजुतीला इथे तडा जातो. कोळीवाड्यात मासेमारी पुरुषाची आणि विक्री बाईची, पैशाचा हिशेबही तिच्याच हाती. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात घर चालते ते तिने साठवलेल्या सुक्या बोंबील-जवळ्याच्या विक्रीवर. लिंगभाव आणि श्रमविभागणी शिकवताना शिक्षकाला यापेक्षा जवळचा दाखला लागत नाही.

तिसरे उदाहरण गावकीचे. गावकी म्हणजे गावाची किंवा भावकीची पंचायत. देवस्थान, होळी, सामाईक भांडी आणि तंटे हे तिचे क्षेत्र. तिचा निर्णय न मानणाऱ्याला वाळीत टाकले जाते: त्याच्याशी बोलायचे नाही, दुकानाने माल द्यायचा नाही, मयताला जायचे नाही. २०१० नंतरच्या दशकात अशा तक्रारी रायगड जिल्ह्यातून मोठ्या संख्येने पुढे आल्या आणि त्या गाजल्या. त्या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. याआधी १९४९ साली मुंबई राज्याने केलेला जातबहिष्कृतीविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली रद्द ठरवला होता. सामाजिक नियंत्रण हा शब्द वर्गात शिकणाऱ्या मुलामुलींपैकी काहींच्या घरांनी ते नियंत्रण सोसलेले असते, काहींच्या घरांनी लादलेले.

चौथे विस्थापनाचे. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे व रायगड जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. न्हावा-शेवा इथे बंदर १९८९ साली सुरू झाले. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. पेण तालुक्यात विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्धच्या लढ्यात २१ सप्टेंबर २००८ रोजी २२ गावांत जनमत घेण्यात आले. असे मत अजमावणे देशातही विरळाच.

अशा विषयावरचा विद्यार्थी-प्रकल्प साधारण एकाच वाटेने जातो. विद्यार्थी गावातली काही कुटुंबे निवडतो, मुलाखत-अनुसूची तयार करतो आणि सातबारा उतारा मागतो. उताऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळांची व वारसांची नावे आणि बोज्याच्या नोंदी असतात. फेरफाराच्या नोंदींत खोतापासून कुळाकडे आणि कुळापासून कंपनीकडे गेलेला जमिनीचा प्रवास असतो. आजीच्या तोंडी आठवण आणि तलाठ्याच्या दप्तरातली तारीख शेजारी-शेजारी ठेवली की मौखिक इतिहासाची बलस्थाने आणि मर्यादा दोन्ही ध्यानात येतात. याच कामात एक नैतिक प्रश्नही पुढे येतो. गावातल्याच मुलीने गावकीबद्दल प्रश्न विचारले, तर उत्तरे देणारे तिचे काका असतात आणि वहीत लिहिलेले उद्या तिच्याच घराला महाग पडू शकते. परक्या अभ्यासकाला हा धोका नसतो. त्याची अडचण वेगळी असते, त्याला दार उघडले जात नाही.

पदवीनंतर

समाजशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्यांचे मार्ग ठरलेले आहेत: बी.एड. करून शाळेत शिक्षकी, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस आणि राज्यसेवा यांच्या स्पर्धापरीक्षा, किंवा समाजकार्याची पदवी. समाजकार्यासाठी मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था (१९३६), निर्मला निकेतन (१९५५) आणि पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था (१९६३) ही जवळची केंद्रे. कातकरी वाड्या, खारभूमी आणि प्रकल्पग्रस्त यांच्यासाठी काम करणाऱ्या संघटनांनाही गावची बोली येणारे, सर्वेक्षण करू शकणारे कार्यकर्ते हवे असतात. कातकरी ही जमात विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडते. त्यांच्या जातदाखल्यांपासून वीटभट्टीवरच्या स्थलांतरापर्यंतच्या प्रश्नांवर काम करताना वेलिंग यांचा १९३४ चा ग्रंथ आणि आजची पाहणी यांची तुलना उपयोगी पडते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची नवी रचना मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४–२५ पासून लागू झाली. मुख्य आणि गौण विषय, क्षेत्रप्रकल्प, प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांना तिच्यात श्रेयांक आहेत. गावात जाऊन केलेल्या कामाला निकालात वजन मिळाल्याने किनाऱ्यावरच्या लहान महाविद्यालयांना ही सुधारणा सोयीची आहे, पण शिक्षकांच्या रिक्त जागा आणि ‘व्यावसायिक’ विषयांकडचा ओढा यांमुळे कला शाखेचे वर्गच आटत असतील तर श्रेयांक कोणाला द्यायचे, हा प्रश्न उरतो.

एकशे चाळीस वर्षांत या किनाऱ्याच्या समाजाचे वर्णन करण्याचा अधिकार कलेक्टर कचेरीतून विद्यापीठात, तिथून तालुक्याच्या महाविद्यालयात आला. गॅझेटियर आजही पुन्हा छापला जातो आणि घुर्ये यांच्या विद्यार्थ्यांचे ग्रंथ ग्रंथालयांत जपलेले आहेत. आगरी, कोळी आणि कातकरी घरांतून आलेल्या विद्यार्थ्यांनी आपल्याच गावांवर लिहिलेल्या प्रकल्पवह्यांचे काम मात्र गुण मिळाले की संपले असे मानले जाते. रायगड किनाऱ्यावरच्या प्रत्येक महाविद्यालयाने, गावकऱ्यांची संमती घेऊन आणि नावे झाकून, अशा प्रकल्पांची एकेक प्रत ग्रंथालयात कायम ठेवावी. पुढच्या शंभर वर्षांसाठी या किनाऱ्याचे सर्वांत विश्वसनीय गॅझेटियर त्याच प्रतींतून तयार होईल.